नवतपा कटिंग

उन्हाळ्यात कुत्र्याचं टक्कल करून घ्यायची पद्धत चंद्रपुरात कोणी पाडली, असं कोणी विचारलं तर उत्तर माझ्याकडे आहे. मी पाडली. अकरा वर्षं चालवली आणि मग ती मोडायलाही मलाच निघावं लागलं. पाडायला एक सकाळ पुरली होती. मोडायला अजून किती लागेल ते सांगता येत नाही.

कुत्र्यांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, कापणं, नखं काढणं, कान साफ करणं हा माझा धंदा. याला ग्रूमिंग म्हणतात. आमच्या गल्लीत 'कुत्र्याचं पार्लर' म्हणतात आणि मला 'पार्लरवाल्या बाई'. त्याआधी मी एका सिमेंट फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होते. नट-बोल्ट, पट्टे, ग्रीसचे डबे. काय आलं, काय गेलं, कोणत्या कप्प्यात आहे, याच्या याद्या करण्यात सोळा वर्षं गेली. फॅक्टरीनं माणसं कमी केली तेव्हा मी घरी आले, पण याद्यांची सवय सोबत घेऊन आले. त्यामुळे दुकानात पहिल्या दिवसापासून रजिस्टर आहे. कुत्र्याचं नाव, जात, वय, रंग, केसांचा प्रकार, चावतो का, आणि कुठे हात लावला की चावतो. शेवटचे दोन रकाने वेगवेगळेच ठेवावेत, हे या धंद्यात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात शिकण्यासारखं काय आहे? साबण लावा, पाणी ओता, कात्री चालवा. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा खाणीकडच्या वस्तीतून एक बाई करड्या रंगाचा पामेरियन घेऊन आल्या. मी रकान्यात 'करडा' लिहिलं. तिसऱ्या पाण्याला तो पांढरा निघाला. कोळशाची धूळ केसांच्या मुळाशी बसली होती. संध्याकाळी बाई न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या.

"हा आमचा नाई."

कुत्रा तोवर त्यांच्या साडीला झोंबत होता. बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "तोंड तर आमच्याच पिंटूचं दिसते, बाप्पा. पण इतका गोरा तो कधीच नव्हता."

रंगाचा रकाना मी तेव्हापासून आंघोळीनंतर भरते.

दुसरे एक ट्रकवाले भाऊ. त्यांच्या कुत्र्याला खरूज झाली म्हणून त्यांनी त्याला ट्रकमधलं जळकं ऑइल चोपडलं. हा आमच्याकडचा जुना उपाय आहे, आणि वाईट आहे, कारण कुत्रा ते चाटतो. पाण्यानं ते निघत नाही, उलट पसरतं. आधी कोरडं पीठ चोळायचं, ते ऑइल पिऊन घेतं, मग भांड्याचा पातळ साबण, मग पुन्हा पीठ. चार तास लागले. वर भाऊ म्हणतात, "बाई, ज्या ऑइलनं माहा ट्रक हैदराबादले जाऊन येते, त्यानं कुत्र्याले काय होते?" मी त्यांना कुत्र्यासकट जनावरांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.

असं एकेक कुत्रं एकेक गोष्ट शिकवून गेलं. पण जे आपण चुकीचं शिकलो आहोत ते कुत्रं कसं सांगणार? तिथे शिकवणारा माणूसच लागतो. माझ्या बाबतीत तो माणूस अकरा वर्षं उशिरा भेटला.

नवतपा म्हणजे काय ते विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो, तिथपासूनचे नऊ दिवस. आमच्याकडे पारा तसाही एप्रिलपासून माणसाला सरळ उभं राहू देत नाही, पण या नऊ दिवसांचा दरारा वेगळा. रस्ते दुपारी ओस पडतात, कूलरमधली वाळ्याची ताटी सुकू देत नाहीत, डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी चौकापर्यंतही जात नाही.

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. अशाच एका सकाळी एक गृहस्थ धापा टाकणारा पामेरियन घेऊन आले. म्हणाले, "याच्या आंगावरचं स्वेटर काढून द्या." मला ते पटलं. न पटायला काय होतं? माणसांचं केस कापायचं मशीन होतं, ते सगळ्यात बारीक पात्यावर लावलं आणि साफ फिरवलं. कुत्रा टेबलावरून उतरला तो दुकानभर उड्या मारत सुटला. मालक खूश. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीतले चार जण आले. त्याच संध्याकाळी मी दारावर पाटी लावली: 'नवतपा कटिंग. नोंदणी सुरू.' पुढच्या वर्षीपासून नोंदणी पाडव्यालाच सुरू व्हायची. मूल आणि सावली या गावांतून, पार गडचिरोलीहून लोक गाड्या करून यायचे. दुकानाचं नाव न आठवणारे लोक सुद्धा 'नवतपा कटिंगवाल्या बाई' म्हणून विचारत यायचे. मला त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

नागपूरच्या कार्यशाळेला मी काही ज्ञानाच्या ओढीनं गेले नाही. मला नवा ब्लोअर घ्यायचा होता. हा घरच्या हेअर ड्रायरसारखा गरम वारा देत नाही. साधीच हवा इतक्या जोरात फेकतो की केसांतलं पाणी उडून जातं. विकणारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मॅडम, आधी चालवायला शिका, मग घ्या. नाहीतर कुत्रा घाबरेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल." म्हणून तीन दिवस. शिकवायला बंगळूरची एक बाई होती, माझ्या निम्म्या वयाची, हिंदीतून शिकवायची. वर्गात बाकी सगळी विशी-पंचविशीतली मुलं-मुली. मी वही, दोन पेनं आणि चष्म्याची दोरी घेऊन पहिल्या रांगेत.

पहिल्या दिवशी कळलं की मशीनचं पातं चालता चालता तापतं, म्हणून दर काही मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं. आमच्या मे महिन्यात तर मशीन सुरू करायच्या आधीच कोमट असतं! ब्लोअरच्या आवाजाला कुत्रं बिथरू नये म्हणून कानांवरून मोज्याची पट्टी चढवायची, हेही कळलं. दोन्ही गोष्टी मी आनंदानं लिहून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं केसांचे प्रकार घेतले. काही कुत्र्यांना एकच थर असतो, तो वाढत राहतो, तो कापावाच लागतो. पण पामेरियन, हस्की, जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर यांना दोन थर. वर लांब, राठ केस. आत मऊ, दाट लव. उन्हाळा येताना आतली लव आपोआप गळते, ती विंचरून बाहेर काढायची, म्हणजे हवा खेळते. वरचे केस मात्र ठेवायचे, कारण ते ऊन अंगावर पडू देत नाहीत. ते मुळापासून काढले तर ऊन थेट कातडीवर. आणि एकदा असं काढलं की पुन्हा नीट येतीलच याची खात्री नाही. कधी आधी लवच येते आणि केस कापसासारखे गुंततात. कधी वर्ष लागतं, कधी दोन. कधी येतच नाहीत.

मग तिनं पडद्यावर एक फोटो दाखवला. पांढऱ्या कुत्र्याच्या पाठीवर, कमरेजवळ, हाताच्या पंजाएवढा काळसर, उघडा चट्टा. "यह किसी ने देखा है?" तिनं विचारलं.

मी पाहिला होता. तसाच. त्याच जागी. सावलीच्या धनराजभाऊंच्या राजाच्या पाठीवर.

माझा हात वर गेला नाही.

धनराजभाऊ कोळसा खाणीत फिटर होते. यंत्रांची बेअरिंगं बदलण्यात हयात गेली. रिटायर होऊन सावलीला आपल्या धानाच्या शेतीवर राहायला गेले. बोलणं तोडून, विश्वास मोजून मापून. राजा त्यांचा पांढरा पामेरियन. सहा वर्षं दर नवतपाला पहिल्या दिवशी पहिला नंबर त्याचा. पाचव्या कटिंगनंतर पाठीवर कमरेजवळ, दोन्ही बाजूंना केस आलेच नाहीत. पुढच्या खेपेला भाऊंनी मला विचारलं होतं, "बाई, हे काऊन झालं असंन?" मी क्षणभरही न थांबता सांगितलं होतं, "जंत असतील. औषध द्या." आणि त्या चट्ट्यांच्या भोवती पुन्हा मशीन फिरवलं होतं.

मला माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत नाही हेही मी सांगितलं नव्हतं.

नागपूरहून परतताना ब्लोअर मांडीवर होता आणि डोक्यात यादी सुरू झाली होती. घरी आल्यावर अकरा वर्षांची रजिस्टरं काढली आणि दोन थरांच्या केसांची जी जी कुत्री मी भादरली ती वेगळ्या वहीत उतरवली. एकशे चार निघाली. नवरा म्हणाला, "यंदापासून बंद कर, संपला विषय. मागचं कोणाले सांगतेस?" व्यवहारात त्याचं चुकत नव्हतं. पण स्टोअरमध्ये असताना एखादा माल सदोष निघाला तर तो ज्या ज्या खात्याला गेला त्या प्रत्येकाला कळवायचं, असा नियम होता. ती सवय काही सुटेना. रोज सकाळी दहा ते बारा फोन करायला बसले.

लोकांची तऱ्हा काय सांगू! एक जण म्हणाले, "बरं झालं सांगितलं," आणि लगेच "मग यंदा कितवा नंबर देता?" एका बाईंनी मला चांगलंच पकडलं. "आमच्या गोल्डीचे केस अस्से सुतळीसारखे काऊन झाले म्हून विचारलं होतं मी. तुम्ही काय म्हटलं, आठवते? कॉलनीचं पाणी खराब हाय म्हटलं! मी सहा महिने त्याले फिल्टरच्या पाण्यानं आंघोळ घालून राह्यली!" मी म्हटलं, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "चुकलंच," आणि फोन ठेवला.

भामरागडच्या एका वनरक्षकाचा फोन लागेना, तिकडे रेंजचा भरवसा नाही. मी एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. बारा दिवसांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर आलं: 'कुत्रा दोन वर्षांपूर्वी बिबट्याने नेला. माहितीबद्दल आभारी आहे.'

यादीत धनराजभाऊंचं नाव सगळ्यात वर होतं. त्यांना मी सगळ्यात शेवटी फोन केला. "भाऊ, नवतपा कटिंग बंद केली. आता फक्त झाडणी." एवढंच बोलले. चट्ट्यांबद्दल नाही. एकशे तीन जणांना सांगून झालेली गोष्ट एकशे चौथ्याला सांगताना जीभ अडली, कारण बाकीच्यांचे केस कमी-जास्त का होईना, आले होते.

'झाडणी' हा शब्द माझाच. आंघोळ, मग ब्लोअरनं आतली गळालेली लव उडवायची, मग लांब दातांच्या रेकनं उरलेली विंचरून काढायची. पहिल्या झाडणीला मी दुकानाचं दार उघडं ठेवायची चूक केली. सावरीची बोंडं फुटावीत तशी लव चौकभर उडाली आणि समोरच्या चहावाल्याच्या दुधावर जाऊन बसली. तो हातात पातेलं घेऊनच आला. "बाई, मी चहा विकू का स्वेटर विणू?" तेव्हापासून खिडकीला ओली साडी बांधते.

गिऱ्हाईक मात्र रागावलं. पाडव्याला दरवर्षी भरणारं नोंदणीचं पान निम्मंही भरलं नाही. एका हजामानं चौकापलीकडे कुत्री भादरायला सुरुवात केली. मी कोणाला समजावायला जावं तर उत्तर तयार. मी कौलांचा दाखला द्यायची, "घरावरचे कवेलू काढले तर घर थंड होते का?" समोरून यायचं, "नाई होत. पण कवेलूच्या घरातही कूलर लावतोच न आम्ही!"

नवतपाच्या पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला सावलीची व्हॅन दारात उभी राहिली. धनराजभाऊ उतरले, राजाला ओल्या टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. आत चार गिऱ्हाइकं बसली होती.

"घ्या मशीन," भाऊ म्हणाले.

"भाऊ, फोनवर सांगितलं न मी. बंद आहे."

"बाकीच्यांसाठी बंद असंन. आमचा पहिला नंबर सहा वर्षांचा हाय."

"नंबराचा सवाल नाई जी. केस काढून त्याला जास्त ऊन लागते."

"असं कसं? मी सोता टक्कल करतो दर उन्हाळ्यात. गार वाटते."

"मग डोक्याले दुपट्टा काऊन बांधला?"

बाकावरचे चौघे हसले. भाऊंनी दुपट्टा सोडला, घडी घातली, खांद्यावर टाकला. त्यांना हसलेलं आवडत नाही. "हे पाहा बाई, बोलाचालीत तुम्ही मले हरवसान. पण तोंडी गोष्टीवर मी आयुष्यात बेअरिंग बदलला नाई. मले आकडा पायजे."

ते व्हॅनकडे गेले आणि पिवळ्या रंगाची एक बंदूक घेऊन आले. खाणीत बेअरिंग किती तापलं ते हात न लावता पाहायची टेम्परेचर गन. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक घेतली होती, शेतातल्या मोटरसाठी. दाबलं की लाल ठिपका पडतो आणि मागे आकडा दिसतो.

आम्ही सगळे अंगणात आलो. भाऊंनी आधी यंत्र खरं बोलतं का ते तपासलं. माठ, सव्वीस. शेडचा पत्रा, अठ्ठावन्न. चहावाल्याचं कपाळ, छत्तीस. चहावाला म्हणाला, "म्हणजे मी माठापेक्षा गरम अन् पत्र्यापेक्षा थंड. लिहून द्या, बायकोले दाखवतो."

टॉवेल काढून, अंग कोरडं करून राजाला पाच मिनिटं उन्हात उभा केला. भाऊंनी त्याच्या खांद्यावरच्या दाट केसांवर ठिपका धरला. सेहेचाळीस.

"पाहा!" भाऊ सगळ्यांकडे वळले. "तापले का नाई केस? हेच त काढा म्हणतो मी."

"तेच म्हणते, भाऊ. केस तापले. आता इथं पाहा." मी कंगव्यानं त्याच जागचे केस दुभागले, खालची गुलाबी कातडी उघडी केली. "धरा."

अडतीस.

भाऊंनी पुन्हा दाबलं. अडतीस. पुन्हा. तेच. बाकावरून उठून आलेली माणसं आकडा पाहायला वाकली. आकडा माझ्या बाजूनं होता. अकरा वर्षांत मला कोणी इतकं स्वच्छ प्रमाणपत्र दिलं नव्हतं. खरं सांगते, मला क्षणभर आनंद झाला.

तेवढ्यात, मी काही बोलायच्या आत, भाऊंनी ठिपका हळूहळू मागे नेला. पाठीवरून कमरेकडे. उजव्या बाजूच्या काळ्या, उघड्या चट्ट्यावर. चव्वेचाळीस. मग डाव्या. पंचेचाळीस.

त्यांनी बंदूक खाली केली. फिटर माणूस. यंत्र कुठे तापतं ते कळलं की का तापतं हे विचारणारच.

"हे कशानं झालं, बाई? मागच्या साली तुम्ही जंत म्हटलं होतं."

बोलायला जागा होती. थायरॉइड म्हणता आलं असतं. वय म्हणता आलं असतं. चार गिऱ्हाइकं आणि चहावाला उभे होते, आणि दुकान तसंही अर्धं रिकामं पडलेलं.

"माझ्या मशीननं झालं, भाऊ," मी म्हटलं. "मले तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत झालं. फोनवर सांगायची हिंमत नाई झाली."

भाऊंनी राजाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्या दोन महिने त्याले जंताचं औषध पाजलं. तोंड फाकवून. तो माह्या हाताले कधी चावला नाई, पण त्या दिवसांत माह्याजवळ येनं त्यानं सोडलं होतं."

त्यांनी राजाला उचललं, टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवून त्याच्या अंगावर टाकला आणि व्हॅन निघून गेली. चौघांतले दोघे आपापली कुत्री घेऊन गेले. दोघे बसून राहिले. त्यातला एक म्हणाला, "द्या मग झाडून." मी हात धुतले आणि कामाला लागले. दुसरं काय करणार?

चौथ्या दिवशी व्हॅन परत आली. भाऊ आणि सोबत त्यांच्या घरच्या, कांताबाई. नोंदणी नव्हती. कांताबाईंनी पिशवीतून एक शिवलेली वस्तू काढून टेबलावर ठेवली. भाऊंच्या जुन्या मांजरपाटाच्या बंडीतून त्यांनी राजासाठी बिनबाह्यांची बंडी शिवली होती, बरोबर दोन्ही चट्टे झाकतील अशी.

"ओली करून घालतो," त्या म्हणाल्या. "ह्यांनी पुन्हा मोजलं. एकोणचाळीस भरते. तीन दिवस झाले, घरात जे दिसंन ते मोजून राह्यले. काल माहं वरण मोजलं."

"वरण ऐंशी होतं," भाऊ म्हणाले. "तोंड पोळलं असतं." मग माझ्याकडे न पाहता, "डॉक्टरले दाखवलं. रक्त तपासलं. बाकी काई दोष नाई. येतीन का केस?"

"माहीत नाई, भाऊ," मी म्हटलं. हे वाक्य मी आधी एकदा म्हणायला हवं होतं. "येतीलही. एखादेवेळी नाई येणार. महिन्यातून एकदा मी सावलीला येते, चट्टे पाहाते, कातडी कोरडी पडू देत नाई. एवढं माझ्या हातात आहे."

"मग आज झाडून द्या," भाऊ म्हणाले आणि बाकावर बसले.

राजाच्या कानांवर मोज्याची पट्टी चढवली. ब्लोअर सुरू केला तसा तो दचकला, मग मान ताठ करून उभा राहिला. तासाभरात आतली लव एवढी निघाली की कांताबाई म्हणाल्या, "यात अजून एक राजा बसन." जाताना राजानं बंडी घातलेली होती आणि चौकातली सगळी माणसं पाहत होती. भाऊंना हसलेलं आवडत नाही, पण त्या दिवशी तेही हसले.

पुढच्या महिन्यापासून मी सावलीला जाऊ लागले. आवणी, म्हणजे धानाच्या रोपांची लावणी, सुरू झाली की भाऊ बांधावर आणि बंडी घातलेला राजा त्यांच्या मागे, चिखलात. मी बंडी काढायची, चट्टे पुसायचे, डॉक्टरांनी सांगितलेलं मलम लावायचं, वहीत लिहायचं. श्रावण, भादवा, काही नाही. तेच गुळगुळीत काळं कातडं. कांताबाई चहा द्यायच्या. भाऊ कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

इकडे दुकान हळूहळू सावरलं. हजामाकडून भादरलेली काही कुत्री उन्हानं लाल होऊन माझ्याकडे परत आली. ज्यांची आली नाहीत त्यांचं बरं झालं असेल, असं धरून चालते. पुढच्या पाडव्याला नोंदणीचं पान भरलं. आता मी दर वर्षी एक तरी नवीन शिक्षण घेते. मागच्या वर्षी म्हाताऱ्या कुत्र्यांना उभं न करता कसं स्वच्छ करायचं ते शिकले. यंदा कान. घरच्यांना वाटतं या वयात मला परीक्षांचा नाद लागला. लागला असेल. परीक्षेत चूक झाली तर कागदावर लाल रेघ येते, कुत्र्याच्या पाठीवर नाही, एवढा फरक मला पुरेसा आहे.

बंडी शिवली त्याच वर्षीची, धान कापून खळ्यावर आलं होतं तेव्हाची गोष्ट. रविवारी सकाळी मी दुकान उघडत होते आणि धनराजभाऊंचा फोन आला. माझी जायची वेळ अजून दहा दिवसांवर होती. फोनवर भाऊ कधी 'कसं काय' विचारत नाहीत.

"सहा," ते म्हणाले.

"काय सहा, भाऊ?"

"मिलिमीटर. उजव्या बाजूचे. व्हर्नियरनं मोजले."

खाणीतला माणूस. लोखंडाची जाडी मोजायच्या पट्टीनं कुत्र्याचे केस मोजले होते. मी शटर अर्धंच वर करून पायरीवर बसले. मागून कांताबाईंचा आवाज येत होता, "सांगा त्याईले, पांढरेच आले म्हून. काळे नाई आले."

"पांढरे हायत," भाऊंनी सांगितलं. "राठ हायत. लव नाई, केस हायत. मी बोटानं पाह्यलं."

"आणि डावी बाजू?"

पलीकडून राजाच्या भुंकण्याचा आवाज आला, बहुतेक खळ्यावर कोंबड्या आल्या असाव्यात.

"डावीकडे शून्यच हाय, बाई," भाऊ म्हणाले. "पण दर रविवारी मोजून राह्यलो."

"मोजत राहा, भाऊ," मी म्हटलं.